केडीएम आहे ना?

रविवार, ११ जानेवारी २०२६, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. मुंबईतल्या वसतिगृहात मामीचा फोन आला. "गेले गं तुझे मामा," एवढेच ती म्हणाली. मृत्यूच्या कागदावर कारण होते श्वसनविकार. शब्द अचूक आहे, आणि मला त्याची किळस येते.

हरेश्वरमामा डहाणूचे सोनार. गावातल्या एका पेढीसाठी ते घरीच दागिने घडवत. तिवराचे पान, ताडगोळ्याची वाटी, भरतीने सोडलेला शंख. पण त्यांचे नाव झाले ते चिकूच्या बियांच्या हारामुळे. चिकूच्या बीला कडेला एक बारीक आकडा असतो. तो घशात अडकेल म्हणून आम्हां मुलांना बी काढूनच फोड मिळे. मामांनी तोच आकडा सोन्यात उतरवला आणि एका बीचा आकडा पुढच्या बीत गुंतवला. हारात एकेचाळीस बिया, एकेचाळीस सांधे. प्रत्येक सांध्यावर डाख, म्हणजे जोडणारा मिश्रधातू, ठेवायचा आणि ओठांत फुंकणी धरून ज्योत त्यावर वळवायची. नाक ज्योतीपासून वीतभर अंतरावर.

पेढीत येणारी प्रत्येक बाई एकच प्रश्न विचारी. तलासरीची असो वा झाईची, मराठीत वा गुजरातीत, "काका, केडीएम छे ने?" हा शब्द शुद्धतेचा शिक्का आहे, अशी साऱ्यांची पक्की समजूत. प्रत्यक्षात केडीएम म्हणजे डाखेत कॅडमियम. ज्योत लागताच ते उडून जाते, म्हणून सोन्याचा कस घटत नाही. उडून ते कुठे जाते, हे कोणी विचारत नाही.

मीही विचारले नव्हते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले तेव्हा मामांनी मला तो हार दिला आणि मी, मूलद्रव्यांची सारणी तोंडपाठ असलेली मुलगी, हार हातात घेत म्हणाले, "केडीएम आहे ना, मामा?" ते हसले. "तुझ्यासाठी दुसरं काय वापरीन?"

पुढच्या वर्षी, पीएच.डी.ला लागल्यावर, त्यांच्या खिडकीच्या गजांवरची पिवळट-तपकिरी पूड मी कागदात बांधून प्रयोगशाळेत नेली. कॅडमियम, हे उत्तर घेऊन परतले, तेव्हा मामा दुसऱ्या एका हाराचा शेवटचा सांधा जोडत होते.

"मामा, हे विष आहे. बंद करा."

"डॉक्टरीणबाई, मी बंद करीन. गिऱ्हाइकाला तू सांग."

"तांब्याची जुनी डाख वापरा की!"

"ती वापरली आणि खरं बोललो, तर बाई पर्स उचलते. वापरली आणि केडीएम म्हणालो, तर खोटं. सोनाराच्या नावानं आधीच कमी म्हणी आहेत का?" खोकला आवरून ते पुढे म्हणाले, "माझ्या छातीत पण केडीएमच आहे गं. फक्त शिक्का मारायचा राहिलाय."

मामी आतून ओरडली, "मारून घ्या, म्हणजे तुम्हालाही काचेत मांडतील!"

मी पेढीच्या मालकांना भेटले. त्यांनी चहा मागवला, हळहळले, आणि दारावरची 'केडीएम' ही सोनेरी अक्षरे तशीच ठेवली. मामांच्या तेराव्याला ते आले. "असा कारागीर पुन्हा होणे नाही," म्हणाले. त्यांच्यासोबत आलेल्या बाईंनी मामीचा हात हातात घेतला, डोळे पुसले आणि हळूच विचारले, "माझा हार अर्धा राहिलाय... दुसरं कोणी करेल ना? पण केडीएमच हं." मामीने हात सोडवून घेतला. तो स्वर माझाच होता.

मी काय केले? हार परत दिला नाही. परिषदेत मंचावर तो घालून गेले, 'पूर्ण हस्तनिर्मित' असे अभिमानाने सांगितले. आणि मला जे येते ते केले... मोजले. फुंकरीचा वेग मोजणारी प्लास्टिकची नळी आणली आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मामांना तिच्यात फुंकायला लावले. "ही फुंकणी काही जोडत नाही," ते कुरकुरत. पण दरवेळी ताठ बसून फुंकत. पहिल्या रविवारी काटा ३१० वर गेला, तेव्हा पोरासारखे खूश झाले. त्यांच्या उंचीच्या निरोगी माणसाचा पाचशेच्या आसपास जातो, हे मी सांगितले नाही.

४ जानेवारीला त्यांनी समोरची डाख बाजूला सारली, दोन्ही हातांनी नळी धरली. नियमाप्रमाणे तीन फुंकरांतली सर्वांत जोरकस तीच वहीत लिहायची असते. लिहिली : ९०.