बायांच्या ओळीत बाप

केशोरी गावात माझ्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला लागूनच एका शेजाऱ्याची बांधी होती. माणूस धिप्पाड, मिशाळ. कोणी काहीही सांगो, तंबाखू चोळत तो एवढंच म्हणायचा, "मंग?"

आमच्याकडे गडी माणसं चिखल करतात आणि रोवणी बाया करतात. त्याचा पोरगा मात्र नांगर सोडून बायांच्या ओळीत वाकायचा, त्यांच्यासंगं गाणी म्हणायचा. तेव्हा मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती, पण मालगुजाराचा रुबाब तसाच होता. एका सकाळी मी माझ्या बांधीत बैलांनी चिखल करत होतो, तेव्हा मालगुजार मधल्या बांधावरून, धुऱ्यावरून ओरडला, "काऊन रे, पोराले बाई बनवून राहिला का?"

"मंग?" म्हणत माझ्या या शेजाऱ्यानं धोतर खोचलं, तो चिखलात उतरला आणि पोराशेजारी वाकून रोवू लागला. बायांचं गाणं थांबलं. त्यानं रोवलेली रोपं सुटून पाण्यावर तरंगायला लागली.

"बाबा, अंगठ्यानं दाब," पोरगा हळूच म्हणाला.

"असं?" त्यानं विचारलं.

मग थांबलेलं गाणं त्यानंच घोगऱ्या गळ्यानं उचललं आणि बाया त्याच्यामागून गाऊ लागल्या. मालगुजार कधी निघून गेला, कळलं नाही. माझे बैल कधीचे चिखलात थांबले होते, आणि त्यांना हाकायचं मला सुचत नव्हतं.