भिंतीला लावलेल्या खुर्च्या

आमच्या ह्यांना खुर्ची दिसली की ती भिंतीला टेकवल्याशिवाय चैन पडत नाही. दवाखान्यात गेले तरी आधी वेटिंगमधली वाकडी खुर्ची सरळ करतात, मग बसतात. मी शेजारी पदरात तोंड लपवून. लोक टकामका बघतात, ह्यांना त्याचं काही नाही.

नाव हंबीरराव, पण गल्लीत, तालमीत, पाव्हण्यांत सगळीकडं आण्णा. डेअरीत सुपरवायझर होते, आता रिटायर झालेत. पण खरी नोकरी निराळीच. कुणाचं बारसं असो, सत्कार असो, रक्षाविसर्जनाला माणसं येणार असोत, पहिला फोन आमच्याकडं. "आण्णा, तेवढी बैठक लावून द्या की." लगेच निघाले सुतळीचा गुंडा खिशात घालून. सुतळी ताणायची आणि तिच्या रेघेत खुर्च्या लावायच्या. मानाचे पाव्हणे समोरच्या भिंतीला, भावकी डाव्या हाताला, जावई पंख्याखाली. मधली जागा मोकळी, चहाचा ट्रे फिरायला. आणि बायका? बायका आत. नाहीतर स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. मी एकदा विचारलं होतं, "बायकांची रांग कुठली ओ?" तर म्हणाले, "बायकांस्नी बसायला सवड कुठं असत्या?" आणि स्वतःच खो खो हसले. मला काही हसू आलं नाही.

लग्न झाल्यापासून दोन खोल्यांत संसार केला. रिटायर झाल्यावर राजारामपुरीत हा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला, तेव्हा कुठं मला हॉल म्हणून काही मिळालं. काय काय मनात होतं माझ्या! आणि ह्या माणसानं पहिल्याच दिवशी त्याचा एस. टी. स्टँड करून टाकला. तिन्ही भिंतींना खुर्च्या. सोफ्याचं प्लॅस्टिक काढायचं नाही, मळतो. वर चार ट्यूबलाइट. "माणसाचं त्वांड दिसलं पायजे," म्हणे. दिसायचं की! तोंडावरचा प्रत्येक डाग दिसायचा. पण त्या तोंडाशी बोलायचं कसं? ह्या भिंतीवरनं त्या भिंतीवर ओरडून?

इतके दिवस मी सोसलं. पण दिवाळीला आमची निशा माहेरी आली आणि परत गेलीच नाही, तेव्हापासून माझी सहनशक्ती संपली.

निशा आमची एकुलती एक. गडहिंग्लजला दिलेली. जावई संग्राम, हार्डवेअरचं दुकान, चार माणसांत नाव. स्थळ ह्यांनीच बघितलेलं. आल्या आल्या पोरीनं मला सांगितलं, संग्राम दुकानाला जाताना तिला खोलीत घालून बाहेरनं कडी लावतो. शेजारणीशी बोलली म्हणून, माहेरी फोन केला म्हणून, कधी काही कारण नसतानासुद्धा. सासू घरात असते, पण ती कडी काढत नाही. त्याच दिवशी मी ह्यांच्या कानावर घातलं. हे उठून एक वाकडी खुर्ची सरळ करून आले. मग म्हणाले, "मोठी माणसं बसतील. बैठकीत विषय निघंल. आपुण आधी त्वांड उघडायचं न्हाय."

"पोर तुमची हाय का मोठ्या माणसांची?"

"पद्धत असती, पूर्णिमा."

ही पद्धत! कान किटले माझे. बैठक ठरायलाच महिने गेले. कधी गडहिंग्लजकडचे पाव्हणे लग्नात अडकलेले, कधी आमचे थोरले दीर बाळासोदादा कोडोलीत उसाच्या तोडीत. तोवर पोर आतल्या खोलीत. जेवायला ताट आत, चहा आत. बोलवलं तर म्हणायची, "नको मम्मी, बाहेर लई उजेड हाय." येणार कशी? त्या चार ट्यूबलाइटखाली, रिकाम्या खुर्च्यांच्या समोर येऊन बसायचं म्हणजे तोंडी परीक्षेला बसल्यासारखं. वर कोण ना कोण ह्यांच्याकडं आलेलं असायचंच. पोर दिसली की लगेच, "काय, कवा जाणार सासरी?"

मग मी ठरवलं, हॉल बदलायचा. मोबाईलवर बघून बघून सगळं शिकले. खुर्च्या भिंतीपासनं सोडवून जवळ आणायच्या, इतक्या की आवाज न चढवता बोलता आलं पाहिजे. खाली गालिचा, आणि खुर्च्यांचे पुढचे पाय त्याच्यावर, म्हणजे सगळं एकत्र धरून राहतं. उजेड डोक्यावरनं नको, बाजूनं यावा, पिवळा, बसलेल्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवरनं. हाताशी स्टूल, कप ठेवायला. एवढंच तर! ह्यात काय अवघड आहे? गल्लीतल्या दुकानातनं विटकरी रंगाचा गालिचा आणला, उभा दिवा आणला. सोफ्याचं प्लॅस्टिक सुरीनं टराटरा फाडलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

हे तालमीत गेले होते. मी ट्यूबलाइट बंद केल्या, दिवा लावला, दोन कप चहा आणि चिवडा घेऊन एकटीच बसले. निशाला हाक मारलीच नाही. थोड्या वेळानं आपली आपण बाहेर आली. उभी राहिली. मग बसली. पाय वर घेऊन बसली, लहानपणी बसायची तशी. म्हणाली, "मम्मी, हे कवा केलंस गं?" चिवडा खाल्ला. कॉलेजातल्या कुठल्याशा मैत्रिणीची गंमत सांगितली आणि हसली. कित्येक महिन्यांनी पोरीचं हसणं ऐकलं मी. रडू आवरायला मी तिच्यापुढं आणखी चिवडा सरकवला, म्हटलं आपण रडलो तर ही परत आत जायची.

तेवढ्यात लॅच वाजलं. हे आले. आल्या आल्या चारी ट्यूबलाइट लावल्या. "अगं, अंधारात काय करालायसा?" आणि खुर्ची धरली की ओढली भिंतीकडं. फरशीवर कर्रर्र. निशा उठली, कप घेऊन आत गेली, दार लागलं.

मी काय काय बोलले ते इथं सांगत नाही. शेजारच्यांनी ऐकलंय, त्यांना विचारा.

ह्यांना राग येत नाही, हेच तर माझं दुखणं. भांडायला लागलं की हे शांतपणे सुतळी गुंडाळतात. मी खुर्च्या मधे आणायच्या, ह्यांनी भिंतीला न्यायच्या. मी दिवा लावायचा, ह्यांनी ट्यूब लावायची. आठवडेच्या आठवडे हेच. एकदा तर मी आंघोळीला गेले तेवढ्यात गालिचा गुंडाळून माळ्यावर! म्हणाले, "मळंल." मी म्हटलं, "मळू दे की! मळायलाच आणलाय!" माणूस वाईट नाही हो. दारू नाही, तंबाखू नाही, कधी हात उगारला नाही. पण चार माणसं काय म्हणतील, ह्याच्यापलीकडं त्यांचं डोकं चालतच नाही.

शेवटी गुढीपाडवा झाला आणि पुढच्या रविवारची बैठक ठरली. आमच्याच हॉलमध्ये. आदल्या दिवशी हे सुतळी घेऊन उभे. मी आडवी आले.

"ह्या वेळी बैठक मी लावणार."

"अगं, पावणं येणार हाईत. हसं करू नगंस."

"गोल लावणार. आणि त्यात एक खुर्ची निशाची. ती बसणार आणि आपल्या तोंडानं सांगणार. न्हायतर उद्या चहा बी मिळणार न्हाय, सांगून ठेवते."

ह्यांनी सुतळी गुंडाळून खिशात घातली. मग म्हणाले, "कर काय करायचं ते," आणि बाहेर गेले. मी जिंकले असंच वाटलं मला. अख्खी संध्याकाळ खपून हॉल लावला. निशाची खुर्ची दिव्याशेजारी, माझ्या बाजूला. तिला बसवून बघितलं. "इथनं बोलशील न्हवं?" म्हटलं. मान हलवली तिनं.

रविवारी सकाळी पाव्हणे आले. संग्राम, त्याचे वडील केरबा पावणं आणि त्यांच्याकडची चौघंजणं. आमच्याकडनं बाळासोदादा. दारात चपला काढल्या, आत आले आणि गालिच्याच्या काठावर सगळे थांबले.

"लई भारी हातरलंय की ओ," केरबा पावणं म्हणाले. "ह्याच्यावर पाय कसा द्यायचा?"

"द्या की पावणं, त्यासाठीच हाय," मी म्हटलं.

"छे छे, आक्का. बाहेरनं आलेलं पाय."

आणि काय सांगू! मोठ्या अदबीनं, माझ्या गालिच्याचा मान राखायचा म्हणून, त्या माणसांनी वाकून एकेक खुर्ची उचलली, काठाकाठानं नेली, भिंतीला लावली आणि सगळे बसले. एकानंही गालिच्यावर पाऊल टाकलं नाही. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, हातालाच सवय. दोन मिनिटांत तीन भिंती भरल्या. खुर्ची कमी पडली तशी संग्रामनं दिव्याशेजारची निशाची खुर्ची घेतली. हे उठले आणि ट्यूबलाइट लावल्या. झालं! माझ्या सगळ्या खटाटोपाचं वाटोळं. आणि कुणावर ओरडायचीही सोय नाही, कारण सगळे चांगलंच वागत होते.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. आतल्या खोलीचं दार किलकिलं, त्यामागं निशा.

बोलणी सुरू झाली. पाऊसपाणी, ऊस, कुणाची सोयरीक. मग केरबा पावणं म्हणाले, "जे झालं ते झालं. पोरगी नांदाय पाठवा. येत्या गुरवारी दिवस चांगला हाय." बाळासोदादा म्हणाले, "व्हय, आमची काय हरकत न्हाय." सगळ्यांनी माना हलवल्या. विषय संपला!

कडीचं नाव कुणी काढलं नाही. मी ह्यांच्याकडं बघत होते, आता बोलतील, आता बोलतील. हे बघत होते कुणाचा कप रिकामा झालाय ते. मला डोळ्यानं खुणावलं, ट्रे आण.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ट्रे ओट्यावर आपटला, आतल्या खोलीत गेले, निशाचा हात धरला.

"चल."

"मम्मी, खुर्ची न्हाय."

"खड्ड्यात गेली खुर्ची."

तिला घेऊन हॉलमध्ये आले आणि मधोमध, त्या गालिच्यावर, दोघी मांडी घालून बसलो. सगळे भिंतीला टेकलेले, तोंडं मधे केलेली. आता बघणार कुठं? आमच्याकडंच बघायला लागलं. चहाचे घोट थांबले.

"सांग," मी म्हटलं.

निशानं मान वर केली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "हे दुकानाला जाताना मला कोंडून जायचे. बाहेरनं कडी. एकदा खोलीतलं पाणी संपलं. मी दार वाजवलं, हाका मारल्या. अंधार पडेपर्यंत कुणी आलं न्हाय." मग थांबली. "मी परत जाणार न्हाय."

"काळजीपोटी लावत होतो ओ," संग्राम म्हणाला. "दिवस कसलं आल्यात."

केरबा पावणं ह्यांच्याकडं वळले. "आण्णा, हे काय? बाईमाणूस बैठकीत मधी येऊन बोलतंय. आमच्यात असलं चालत न्हाय."

हे उठले. मला वाटलं, आता म्हणणार, आत जा. माझी तयारी होती, हललेच नसते मी. हे गालिच्यापाशी आले, क्षणभर थांबले, मग त्याच्यावर पाय दिला आणि निशाच्या शेजारी खाली बसले. पोरीकडं बघितलं नाही. केरबा पावण्यांकडं बघून म्हणाले, "आमच्यात बी चालत न्हवतं, पावणं. पोर येणार न्हाय. चहा घ्या."

निशा त्यांच्या खांद्याला टेकून हमसून हमसून रडायला लागली. हे तिच्या पाठीवर हात फिरवत होते आणि त्यांचेही डोळे भरलेले. आता सगळे मला म्हणतात, आण्णांनी काय मन मोठं केलं, तुला किती आनंद झाला असेल. खरं सांगू? आनंद झाला, पण त्याच्याआधी असा संताप आला की ह्या माणसाला गदागदा हलवावं. दिवाळीतच सगळं कळलेलं ह्यांना. एवढं एक वाक्य बोलायला पाडवा उजाडला, आणि तोवर माझी पोर दार लावून रोज वाट बघत होती, पप्पा काहीतरी बोलतील म्हणून.