काशीत सोडलेलं चॉकलेट

युरोपात फिरताना आमचा एक नियम असायचा. एका गावात एकच गोड पदार्थ, आणि तोही दोघांत मिळून. नियम मी केला होता आणि मोडायचं काम आमच्या ह्यांचं. लिस्बनमध्ये कस्टर्डचे ते छोटे टार्ट मिळतात, वर काळे डाग पडेपर्यंत भाजलेले. ह्यांनी दुकानाच्या दारात उभ्याउभ्या तीन खाल्ले आणि मिशीवरची दालचिनी पुसत म्हणाले, "हे लिस्बन कुठे, हे तर उपनगर आहे. वेगळं गाव धरायचं." आयुष्यभर शिकागोच्या हॉस्पिटलात लोकांना भूल दिली, त्यामुळे समोरच्याला गुंगवणं ह्यांना छान जमतं. चौथा टार्ट मी खाल्ला.

व्हिएन्नातलं ॲपल स्ट्रूडल मला फार आवडलं, ते सफरचंदापेक्षा पारीमुळे. इतकी पातळ पारी की करंज्या करणारीने मान खाली घालावी. पण माझा खरा जीव ब्रसेल्सच्या चॉकलेटवर. एका गल्लीत एक अरुंद दुकान आहे, तिथली बाई चिमट्याने एकेक चॉकलेट उचलून डब्यात ठेवते. वरून कडू काळं, आत हेझलनटचा मऊ गर. ते तोंडात विरघळेपर्यंत मी कुणाशी बोलत नाही. हे म्हणायचे, संसारातली तेवढीच काय ती शांतता.

मी शाकाहारी. केकमधलं अंडं दिसत नाही म्हणून चालवून घेते, पण जनावरांच्या हाडांपासून केलेलं जिलेटिन नाही. त्यामुळे पाकिटावरचा बारीक मजकूर वाचायचं काम ह्यांचं. "जिलेटिन हा शब्द मला सहा भाषांत येतो," अशी ह्यांची फुशारकी. तो सगळीकडे जवळपास सारखाच असतो हे मला बऱ्याच उशिरा कळलं. पण मी चष्मा हटकून हॉटेलवर विसरायचे, आणि हे पाकीट हातभर लांब धरून, बातम्या दिल्यासारखं, घटकपदार्थ वाचून दाखवायचे. मला ते ऐकायला आवडायचं.

साल्झबर्गला एका दुकानात ह्यांनी असंच एक पाकीट लांब धरलं. मग जवळ आणलं. मग चष्मा काढून पाहिलं. शेवटी काउंटरवरच्या मुलीच्या हातात देऊन म्हणाले, "तूच सांग बाई. इथे उजेड कमी आहे." दुकानात उजेड लख्ख होता. त्या दिवशी घेतलेला केक मला गेला नाही.

शिकागोजवळ नेपरव्हिलला घरी परतल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं की रक्तातल्या वाढलेल्या साखरेने डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्यांतून गळती सुरू झाली आहे. इंजेक्शनं तो देईल, पण साखर ह्यांनीच उतरवायला हवी, नाहीतर नजर जाईल. ह्यांनी डॉक्टर डॉक्टरशी बोलतो तशी गंभीर मान हलवली. आठवड्याभरात ड्रायक्लीनिंगला द्यायच्या कोटाच्या खिशात मला डोनटचा कागद सापडला. मी भांडले, रडले, अबोला धरला. मला राग येत नव्हता असं नाही, पण रागाच्या खाली नुसती भीती होती. ह्यांना दिसेनासं झालं तर, एवढाच विचार डोक्यात.

त्या हिवाळ्यात भारतात गेलो तेव्हा काशीही केली. काशीला गेलं की आवडीची एक गोष्ट कायमची सोडायची, ही आपल्याकडची रीत. आणि तिथे जाऊन हळूच नावडतीच सोडायची, हीही रीतच. माझ्या सासूबाईंनी मोठ्या मनाने शेपू सोडला होता. मी होडीत बसल्यापासून ह्यांना सुचवत होते. "गोड सोडा. गंगेच्या साक्षीने सोडलंत तर निदान मोडणार तरी नाही." हे पाण्याकडे बघत हं हं करत होते. घाटावर गुरुजींनी ओंजळीत पाणी दिलं आणि विचारलं, काय सोडता? ह्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "दोडका."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुढची ओंजळ माझी होती. मी परवलाची भाजी सोडायची ठरवून आले होते. तोंडातून निघालं, "चॉकलेट."

"तू कशाला?" हे म्हणाले.

"दोघांपैकी कुणीतरी आवडीचं सोडायला हवं ना," मी म्हटलं आणि पाणी सोडून दिलं.

त्यात भक्ती वगैरे काही नव्हती, नुसता संताप होता. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, इट्स जस्ट चॉकलेट. कॅन्सल करून टाक ना. कोण चेक करणार आहे?" मीही जन्मभर प्रयोगशाळेत काम केलेली बाई, गंगेला चॉकलेटचं काय पडलंय हे मला कळतं. पण ह्यांच्यासमोर सोडलेलं पाणी मला परत घेता येईना.

पुढच्या वसंतात ब्रसेल्सला जायचं आधीच ठरलं होतं. त्या गल्लीत ह्यांनी छोटा डबा घेतलाच. बाहेर बाकावर बसून हेझलनटचं चॉकलेट काढलं, अर्धं तोडून खाल्लं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने उरलेलं अर्धं माझ्यापुढे केलं. माझाही हात पुढे गेला होता. मी तो मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

हे तो अर्धा तुकडा बोटांत धरून बसून राहिले. ऊन होतं, चॉकलेट वितळायला लागलं. मग रुमालाने बोटं पुसली, डब्याचं झाकण लावलं आणि हॉटेलवर आल्यावर तो डबा स्वागतकक्षातल्या मुलीला देऊन टाकला. "एकट्याने खायला काही चव लागत नाही," एवढंच म्हणाले.

त्यानंतर ह्यांनी शपथ वगैरे घेतली नाही. आधी चॉकलेट गेलं, मग पेस्ट्री, मग चहातली साखर. महाराष्ट्र मंडळाच्या पाडव्याला श्रीखंडाच्या पातेल्यापाशी एकदा पकडले गेले, ते सोडा. दोडका मात्र कुणाच्याही घरी वाढायला आला की हे हात आडवा धरून सांगतात, "काशीला सोडलाय," आणि काकू लोक कौतुकाने बघतात.

गेल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं की गळती थांबली आहे, तूर्त इंजेक्शन नको. हे गाडीत शीळ घालत होते. वाटेत किराणा घ्यायला थांबलो. युरोपातून येणाऱ्या बिस्किटांच्या फळीवर मला हेझलनटचा एक डबा दिसला. माझा चष्मा अर्थातच घरी होता. ह्यांनी डबा माझ्या हातातून घेतला, हातभर लांब धरला आणि तळाची मुंगीएवढी अक्षरं वाचायला लागले. गव्हाचं पीठ, हेझलनट, लोणी, मीठ. "जिलेटिन नाही."

मी डबा कार्टमध्ये ठेवणार तेवढ्यात म्हणाले, "थांब. शेवटी कोको आहे. तुला चालणार नाही." आणि डबा फळीवर ठेवला.

"पुन्हा वाचा," मी म्हटलं.

ह्यांना वाटलं, माझा विश्वास बसला नाही. त्यांनी डबा परत काढला, लांब धरला आणि पहिल्यापासून सगळं वाचून दाखवलं.