नावेत पहिल्यांदा बसणारी माणसं

नावेच्या तळाशी पाणी साचतं. ते कुठून आलं ते दिसत नाही, पण संध्याकाळी बघावं तर चार डबे तरी निघतंच. तीस वर्षं नाव चालवताना किस्सेही माझ्याकडं तसेच साचले. पाणी मी रोज उपसून टाकत होतो. किस्से राहिले.

शेजारचा विलास रांजणगावच्या कंपनीत आहे. तो आणि त्याची बायको केरळात का कुठं नदीतल्या बोटीवर चार दिवस राहायला चाललेत. बोटीतच पलंग, पंखा, जेवण, सगळं. परवा येऊन माझ्याजवळ बसला. "आबा, पयल्यांदाच चाललोय. काय ध्यानात ठेवू?"

मला हसू आलं. आमच्या नावेत पंखा सोडाच, बसायला फळीसुद्धा सगळ्यांना पुरत नव्हती. शिरूर तालुक्याच्या काठावरून निघायचं, भीमा ओलांडायची आणि दौंड तालुक्याच्या काठाला लागायचं, एवढाच प्रवास. निघताना विडी पेटवली तर पलीकडं पोचेपर्यंत संपायची. पण पहिल्यांदा नावेत बसणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. बोट मोठी असो की लहान, माणूस तेच असतं. म्हणून त्याला जे सांगितलं, तेच इथं लिहितो. पूल व्हायच्या आधीची, नव्वद सालानंतरची ही पाच-सात वर्षं आहेत.

०००

माझा जोडीदार नामदेव. तो बांबू धरायचा, मी वल्हं. मी दिवसभरात बोलणार नाही तेवढं तो एका खेपेत बोलायचा.

एकदा कासुर्डीला लग्न होतं आणि वऱ्हाड आमच्या काठावरून निघालं. त्यातलं कुणी आधी नावेत बसलेलं नव्हतं. मांडवात बसतात तसे ते मानाप्रमाणं बसले. वरबाप, वरमामा, दोन आत्या, गावातली दोन मोठी माणसं, सगळे पुढं. मागं दोन पोरी आणि करंज्यांचा डबा. नावेचं नाक पाण्यात आणि शेपूट वर.

मला बोलायला वेळ लागतो. मी तोंड उघडायच्या आत नामदेव बोलून मोकळा झाला. "पाव्हणं, नदीला सोयरीक कळत न्हाई. तिला वजन कळतं."

वरमामा फार चिडले. पण उठून मधे बसले. त्याचा परिणाम असा झाला की त्या घरातली माणसं पुढं कधीही घाटावर आली, की मधल्या जागेसाठी रुसायची. मान मधेच असतो, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

०००

भिवा धनगराचं घर आता शेतीत स्थिरावलंय, पण तेव्हा त्यांच्याकडं पंचवीस-तीस मेंढरं होती. जन्मभर त्यांनी उन्हाळ्यात नदी पायी ओलांडलेली. नावेत मेंढरं घालायची ती पहिलीच वेळ.

भिवा शहाणा माणूस. एकेक मेंढरू उचलून नावेत ठेवलं. सगळी भरल्यावर एक कोकरू मागं झुडपात राहिलेलं दिसलं, म्हणून तो काठावरूनच जिभेचा आवाज करत त्याला बोलावायला लागला. ते कोकरू काही आलं नाही. नावेतल्या सगळ्या मेंढरांनी मात्र मालकाचा आवाज ऐकला आणि एका दमात त्या बाजूला धावली. नाव आडवी झाली. पाणी गुडघाभर होतं म्हणून वाचलो. नामदेव मेंढरांच्या खाली होता. तिथूनच म्हणाला, "भिवा, आता तरी गप बस."

तेव्हापासून मी सांगत आलो. ज्याच्या मागं सगळे येतात, त्यानं आधी येऊन बसावं.

०००

आता नर्सबाईंची गोष्ट. तिच्यासाठी आधी माझ्या घरचं थोडं सांगावं लागेल.

माझी मुलगी रंजना पलीकडच्या वाडीत दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, म्हणून ते आमच्याकडं झालं. तेव्हा आमच्या गावच्या दवाखान्यात नर्सची जागा मोकळी होती. बाळ दोन दिवस जगलं. दुसऱ्या वेळी रंजनाला दिवस गेले तेव्हा तिची सासू म्हणाली, आता दुसरं आहे, ते आमच्याकडं. त्यात चूक काहीच नव्हती. त्या माझ्या मंडळींना एका शब्दानंही टोचून बोलल्या नाहीत. म्हणून तर आम्हाला काही बोलता आलं नाही.

त्याच सुमारास नर्सची जागा भरली. शैला सिस्टर. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधली मुलगी, वडील रेल्वेत. भेटली की "जयभीम, काका" म्हणायची. दवाखाना आमच्या काठावर, पण रंजनाची वाडी धरून पलीकडच्या दोन वाड्या तिच्याच ड्युटीत. रस्त्यानं वळसा घालून जायचं तर दोन एस.ट्या बदलायच्या, आणि तोवर लशीच्या डब्यातला बर्फ विरघळायचा. नाव हाच रस्ता.

आणि बाईंना पाण्याची भीती. साधी नव्हे. काठावर आली की ओठ पांढरे पडायचे. का, ते मी विचारलं नाही.

पहिल्या गुरुवारी ती डबा घेऊन आली, उभी राहिली आणि परत गेली. दुसऱ्या गुरुवारी तिनं विचारलं, "पाणी किती खोल आहे?" नामदेवनं खरं ते सांगितलं. "जास्त न्हाई, मधी दोन पुरुष खोल आसंल." ती परत गेली, आणि त्याच आठवड्यात तिनं बदलीचा अर्ज केला. तिच्या आधीच्या तिघी अशाच गेल्या होत्या.

त्या रात्री माझी मंडळी जेवली नाही.

तिसऱ्या गुरुवारी मी नामदेवला बाजूला केलं आणि म्हणालो, "बाई, पंचवीस वल्ही मारली की पलीकडं. डोळे मिटून मोजा."

ती नावेच्या तळाशीच बसली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात माझ्या धोतराचा सोगा. डोळे मिटून मोजायला लागली. पण वारा समोरचा होता. पंचवीस झाली तरी काठ लांबच. तिनं डोळे उघडले.

"काका, पंचवीस झाली."

"माझी शाळा दुसरीतच सुटली, बाई," मी म्हणालो. "इसाच्या पुढं माझी गडबड व्हते."

ती रडता रडता हसली आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली.

नव्या माणसाला पाणी किती खोल ते सांगू नये. किती रुंद ते सांगावं, आणि तेही जरा हातचं राखून.

०००

गुऱ्हाळावरची दोन पोरं एकदा नावेसाठी थांबायला तयार नव्हती. गूळ उकळायची मोठी लोखंडी काहिल त्यांनी नदीत लोटली आणि आत बसली. काहिल तरंगते, यात शंका नाही. पण गोल भांडं ते. त्याला पुढची बाजू नसते आणि मागचीही नसते. दोघांनी दोन बाजूंनी फावडी मारली आणि काहिल भिंगरीसारखी फिरत राहिली. फिरत फिरत खाली वाहत गेली आणि एका चिंचेखाली काठाला लागली. मी आणि नामदेव काठानं पळत तिथं पोचलो.

एकजण उतरून ओकत होता. दुसरा आम्हाला म्हणाला, "मामा, दौंडकडं जायची गाडी कुठनं मिळंल?"

तो आमच्याच काठावर उभा होता.

०००

विलासला मी बजावून सांगितलं, माणूस नावेत फारसं पडत नाही. उतरताना पडतं. त्यातही निरोप घेताना.

आपल्याकडं पाहुणा "येतो" म्हणून उठला की दारात अर्धा तास बोलतो. तेच नावेत. एक व्याही आले होते, केंदूरचे. एक पाय काठावर, एक पाय नावेत, आणि बोलणं चाललेलं. दिवाळीला या. पोरीला पाठवा. म्हैस व्याली का. नामदेव दोनदा म्हणाला, पाव्हणं, एक कायतरी ठरवा. नाव हळूहळू सरकत होती. व्याह्यांचे पाय लांब लांब होत गेले, तरी बोलणं सुटेना. शेवटचं वाक्य त्यांनी कमरेएवढ्या पाण्यातून पूर्ण केलं, आणि हात जोडून.

०००

नर्सबाई दर गुरुवारी यायला लागल्या. बसायच्या तळाशीच, सोगा धरून, डोळे मिटून. भीती तिळभर कमी झाली नव्हती. भीत भीत यायच्या, एवढंच.

रंजना माझी मुलगी, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती त्यांच्यावर जबरदस्ती झाली असती. पण वाडीत तिला तपासून कार्डावर माहेरचं नाव लिहिताना त्यांना ते कळलंच. परतताना त्यांनी सोगा धरला, डोळे मिटले. मग म्हणाल्या, "पहिलं बाळ गेलं, तेव्हा जागा रिकामी होती ना?"

मी मान हलवली. त्यांचे डोळे मिटलेले होते, पण त्यांना ते कळलं असावं.

पुढच्याच महिन्यात त्यांची बदली मंजूर झाली. दौंड गावात, घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. आठ दिवसांत हजर व्हायचं होतं. रंजनाला अजून महिना होता. मंडळी म्हणाली, तुम्ही जाऊन त्यांच्या पाया पडा. मी गेलो नाही. माणूस भीतीनं जायला निघालेलं असताना त्याला अडवू नये, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

गुरुवारी मी नाव धुऊन ठेवली. त्या येतील असं वाटलं नव्हतं. पण त्या आल्या, तळाशी बसल्या आणि सोगा धरला.

"साहेबांकडून मुदत घेतली," म्हणाल्या. "दिवाळीनंतर जाईन."

मी वल्हं मारलं. त्यांनी मोजायला सुरुवात केली.

०००

रंजनाचा दिवस आला तो नेमका तळेगावच्या बाजाराचा. पलीकडून जावई हातातला टॉवेल हलवत ओरडला, तेव्हा सकाळचं ऊन घाटावर नुकतंच आलं होतं. नर्सबाई पिशवी घेऊन पळत आल्या. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं, धार जोराची. नामदेव तापानं घरी. मी एकट्यानंच त्यांना सोडलं. त्या जावयाच्या सायकलवर मागं बसून वाडीकडं गेल्या.

मला जाता येत नव्हतं. बाजाराची माणसं दोन्ही काठांवर उभी होती, आणि नाव एकच. बापानं तिथं जाऊन करायचं तरी काय होतं? मी खेपा मारत राहिलो. कांद्याची पोती, कोंबड्या, म्हाताऱ्या. पलीकडं लागलं की वाडीच्या वाटेकडं बघायचो. वाट मोकळी असायची. मग माणसं भरायची आणि परत. एका बाईनं विचारलं, "आबा, आज लईच गप?" दुसरी म्हणाली, "ते कवा बोलत्यात?"

ऊन डोक्यावर आलं आणि कललंसुद्धा. बाजार फुटला. परतणारी माणसंही संपली. मी पलीकडच्या काठाला नाव लावून बसून राहिलो.

मग नर्सबाई चालत येताना दिसल्या. एकट्या. जावई बरोबर नव्हता. साडीला डाग होते. चालणं अगदी सावकाश, पाय ओढत. मी बसल्या जागीच नावेतलं पाणी उपसायला लागलो.

त्या नावेत चढल्या. तळाशी बसल्या नाहीत, फळीवर बसल्या. सोगा धरला नाही. मी बांबूनं नाव लोटली आणि वल्हं घेतलं. त्यांनी मोजलं नाही.

धार लागली तेव्हा त्यांनी बाही मागं सारली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात सोडला. डोळे उघडेच होते.

"मुलगी आहे, काका," त्या म्हणाल्या. "जन्मल्यावर बोलेचना. आम्ही सगळ्या बघत बसलो. तळपायाला तीनदा टिचकी मारली, तेव्हा कुठं तोंड उघडलं. तुमच्यावर गेलीय."

मी वल्हं उचलून मांडीवर ठेवलं. नाव धारेला लागली आणि खाली निघाली. आमचा घाट मागं पडला, चिंचेचं झाड मागं पडलं.

बाईंनी डोळे मिटले नाहीत. पाण्यातला हातही त्यांनी काढला नाही.