थोरल्या जाऊबाई आणि पाठमोरा वाघ

किस्से काही गोळा करावे लागत नाहीत. ते हराळीसारखे असतात, एक उपटायला जावं तर खालून चार निघतात. मला सांगायचं होतं फक्त वाघाच्या फोटोचं. पण जरा टेका, वाघापर्यंत जायला मधे बरीच जनावरं लागतात. आणि आमच्या थोरल्या जाऊबाई लागतात!

*

आमचं वावर साखऱ्याच्या शिवारात, ओढ्याला लागून. ओढ्यात रानडुकरं. गेल्या साली घाट्यावर आलेला हरभरा त्यांनी असा लोळवला, की घरी आणायला काही उरलंच नाही. माझा लेक दत्ता म्हणाला, "माय, औंदा बी असंच झालं, तर वावर बटईनं देऊन मी पुण्याला वॉचमन म्हणून जातो."

ऐका! स्वतःचं वावर राखता येईना, अन् चालला दुसऱ्याचं गेट राखायला!

मग त्यानं इंटरनेटवरून एक वाघ काढला आणि त्याचा मोठा फ्लेक्स वावरात उभा केला. डुकरं थांबली. ते बघून शेजारच्या मारोतीनं तोच वाघ लावला. त्याच्या पलीकडच्यानं बी तोच. जिकडं बघावं तिकडं तोच वाघ, तीच बाहेर आलेली जीभ. डुकरं परत आली.

मी म्हणाले, "एकच वाघ एका टायमाला इतक्या वावरांत उभा राहतो व्हय रे? डुकराला बी तेवढं कळतं! आपला वाघ आपण काढू."

मला फोटोचा भारी नाद. नातीनं जुना मोबाइल दिला, तेव्हापासून म्हशीपासून पाव्हण्यापर्यंत मी कुणाला सोडलेलं नाही. अक्षर एक ओळखत नाही, पण ते गोल बटन डोळे झाकून दाबते. तर ठरलं, शहरातल्या प्राण्यांच्या बागेतून ताजा वाघ आणायचा.

*

पण आमच्या घरात एक रीत आहे. थोरल्या माणसाला सोडून फोटो निघत नाही. बारसं असो नाहीतर नवं ट्रॅक्टर असो, मधोमध थोरल्या जाऊबाई पाहिजेत. डोक्यावर पदर, हात अंगाला चिकटलेले, तोंड असं की जणू पंचनाम्याला उभं केलंय.

म्हणून दत्ता अन् माझ्यासंगं त्या बी निघाल्या. गेटवर गार्डनं त्यांची पिशवी उघडली. आत भाकरी, ठेचा, कांदे.

"मावशी, प्राण्यांना खायला द्यायचं नाही."

"मंग आमी काय खावं?"

"तुम्ही खा ना. प्राण्यांना नाही म्हणतोय."

"म्हंजी आमी उपाशी असलो तर चालंल, पण तुझी माकडं जेवून बसलेली पायजेत, व्हय!" गार्ड कुठं उपाशी राहा म्हणाला होता! पण जाऊबाईंनी भांडण सुरू केलं, की समोरच्यानं काय म्हटलं त्याला किंमत नसते.

*

आत गेलो, तर कासवाच्या हौदापाशी एक तरणाबांड गडी पालथा पडलेला. डोळा एका भल्यामोठ्या कॅमेऱ्याला लावलेला, अंग ताठ, श्वास रोखलेला.

"अगं गोदे, लेकराला फेफरं आलं!" असं म्हणून जाऊबाईंनी पायातली चप्पल काढली आणि सरळ त्याच्या नाकाला लावली. आमच्याकडं फेफऱ्याला हाच उपाय!

गडी असा उडाला, की कासवानं बी मान आत घेतली.

"आजी! अर्धा तास वाट बघितली, तेव्हा कुठं त्याची मान बाहेर आली होती!"

जाऊबाई मला म्हणाल्या, "बघ, कसा फटक्यात शुद्धीवर आला."

*

पुढं एका जाळीत रोही दिसले. आता रोही बघायला तिकीट कशाला? आमच्या तुरीत सांजच्याला कळपानं येतात. शहरातली माणसं मात्र लेकरांना कडेवर घेऊन म्हणत होती, "बघ, नीलगाय! किती गोड!"

जाऊबाईंनी एकदा बघितलं, आणि सवयच ती, तोंडातून निघालंच, "हाऽऽऽड! हाड हाड!" शिवाय वाकून ढेकूळ शोधायला लागल्या.

सगळे रोही पार टोकाला पळाले. लेकरं रडायला लागली. गार्ड पळत आला. "मावशी, काय करून राहिल्या तुमी?"

"राखण," जाऊबाई म्हणाल्या.

*

शेवटी वाघ आला. म्हणजे आम्ही त्याच्यापाशी आलो. तो आमच्याकडं पाठ करून झोपला होता.

दत्तानं टाळ्या वाजवल्या. मी "वाघोबा, वाघोबा" केलं. तो कान बी हलवेना. मोबाइलमधे नुसती पाठ दिसत होती. म्हशीची म्हणून बी खपली असती. बाग बंद व्हायची शिटी वाजली, तसा दत्ताचा चेहरा उतरला. माझ्या डोळ्यांपुढं तर पुण्याचं गेटच उभं राहिलं.

तेवढ्यात वाघ उठला! आणि मधे जाऊबाई, पदर सारखा करत उभ्या.

"जाऊबाई, जरा बाजूला व्हा!"

त्या गर्रकन वळल्या. डोळे वटारलेले, बोट वर. "काहून? या घरात माझ्याबिगर फोटो निघाला का कवा?"

मी बटन दाबलं. वाघ पुन्हा झोपला.

*

सेनगावच्या फ्लेक्सवाल्यानं फोटो बघितला, मग माझ्याकडं बघितलं. "आजी, ह्या बाईला कापावं लागंल."

"काप."

"कापलं तर वाघाचं शेपूट अन् एक कानच राहतो."

शिवाय थोरल्या जाऊला कापून मी घरी कोणत्या तोंडानं जाणार? म्हणाले, "आहे तसा छाप. चांगला माणसाहून मोठा."

*

दत्तानं फ्लेक्स उभा केला तेव्हा आमचे थोरले मालक, म्हणजे जाऊबाईंचे हे, गावाला गेले होते. भला माणूस. रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही "या, बसा" म्हणून बिडी पुढं करणारा. घरी मात्र त्यांनी बिडी सोडली आहे.

परत आले ते सकाळी बिडी शिलगावून वावरात शिरले. दुसऱ्या मिनिटाला धापा टाकत घरी. बिडी कुठं पडली, पत्ता नाही.

"ती माझ्याआधी वावरात कशी काय गेली?"

चुलीपुढून जाऊबाई म्हणाल्या, "कोण?"

थोरले मालक तिथंच खाली बसले.

*

तर सांगायचं म्हणजे, डुकरं आली नाहीत. हरभरा भरला, काढला, घरात आला. दत्ता आता पुण्याचं नाव काढत नाही.

मग एक दिवस शेजारचा मारोती नारळ आणि ब्लाउजपीस घेऊन दारात. जाऊबाईंच्या पाया पडला. "वैनी, आमच्या भुईमुगात बी तुमचा फोटो लावू द्या. वाघ नसला तरी चालतोय."

जाऊबाईंनी पदर डोक्यावर घेतला. "परक्याच्या वावरात मी रातभर एकटी उभी राहू? लोक काय म्हणतील? लावायचा तर यांचा बी फोटो शेजारी लाव."

मारोतीनं ओट्यावर बसलेल्या थोरल्या मालकांकडं बघितलं. मालक हसून म्हणाले, "ये, बस की मारोती."

मारोतीनं हात जोडले. "नगं वैनी, दादा नगं. दादाला बघून डुकरं बसायला येतील!"