नंदोईजींनी मोडलेली सवय

आमच्या नंदोईजींनी ज्याची तारीफ केली नाही असा माणूस, गाय किंवा ऑटोवाला उज्जैनमध्ये शोधून सापडायचा नाही. नणंदेच्या नवऱ्याला तिकडे महाराष्ट्रात काय म्हणतात ते मला विचारू नका. आमच्याकडे मराठी घरांतही नंदोईजीच म्हणतात. जी लहान मुलं बोलत नाहीत, आदळआपट करतात, ताटावर बसत नाहीत, त्यांच्यासाठी माधव नगरात एक सेंटर आहे, तिथे नंदोईजी काम करतात. करतात म्हणजे काय, त्या कामानं त्यांना पुरतं झपाटलंय. माणूस जे करतो ते त्यातून काहीतरी मिळतं म्हणून करतो, मिळेनासं झालं की सोडून देतो, आणि चांगलं वागल्याबरोबर शाबासकी मिळाली तर पुन्हा तसंच वागतो, एवढं त्यांचं शास्त्र. कुठेही काही घडलं की मान तिरकी करून विचारणार, "पण ह्यातून त्याला मिळतं काय, वहिनी?" शेजारचा कुत्रा भुंकला तरी हाच प्रश्न, आणि माझ्या नवऱ्यानं ओला टॉवेल पलंगावर फेकला तरी हाच.

एकदा आम्ही नानाखेड्याच्या बसस्टँडवरून ऑटो केली. ऑटोवाला सुसाट. मी ओरडणार तेवढ्यात नंदोईजींनी डोळ्यानं दटावलं. त्यानं जरा कुठे वेग कमी केला की हे पुढे वाकून म्हणायचे, "वाह भैया, क्या बढ़िया मोड़ लिया!" पुढच्या वळणावर पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या वळणावर पुन्हा. शेवटी त्यानं ऑटो कडेला घेतली आणि म्हणाला, "बाबूजी, मज़ाक उड़ाना है तो उतर जाओ." मग आम्ही रणरणत्या उन्हातून पायी घरी, आणि वाटभर हे मला समजावताहेत की शाबासकी द्यायला किंचित उशीर झाला, बाकी पद्धत बिल्कुल बरोबर होती. त्यांच्या दारात एक गाय शिंगानं फाटक ढकलायची. ह्यांनी ठरवलं, शांत उभी राहील तेव्हाच पोळी. गाय शिकली की हो! इतकी शिकली की उजाडल्यापासून फाटकाशी गप उभी, आणि मग मैत्रिणींनाही घेऊन यायला लागली. पोळ्या लाटून लाटून आमच्या ताईंचे, म्हणजे नणंदेचे, हात मोडले. त्याच ताईंच्या भाजीत एकदा मीठ बेताचं पडलं म्हणून ह्यांनी टाळ्या वाजवल्या, तर त्यांनी "मी काय तुमच्या सेंटरमधली पोर आहे का?" म्हणत समोरची वाटीच उचलून नेली.

हसा खुशाल, पण सेंटरमध्ये बघावं त्यांना. एक मुलगी रोज जेवताना ताट भिरकावायची. आईबाप रागावून, मारून थकले. ह्यांनी काही न बोलता नुसतं बघितलं, आणि ओळखलं की पोट भरल्याचं तिला सांगता येत नाहीये. मग तळहात पुढे करून 'बस' दाखवायला शिकवलं तिला, आणि ताट फेकणं थांबलं. हे मला सांगताना तेही तसाच तळहात पुढे करून दाखवत होते. तेव्हापासून माझा ह्या माणसावर आंधळा विश्वास बसला.

माझे सासरे, म्हणजे बाबा, बँकेतून रिटायर झालेले. उभ्या आयुष्यात कोणाकडे साधं पाणी मागितलं नसेल. ते ह्या उन्हाळ्यात हाका मारायला लागले. "सूनबाई!" मी घरूनच ऑनलाइन शिकवण्या घेते. शिकवणं अर्धवट टाकून धावत जावं तर, "काही नाही, किती वाजले?" परत येऊन खुर्चीला टेकते न टेकते तोच, "सूनबाई!" आता काय, तर पंखा कमी कर. नवरा नोकरीसाठी इंदूरला अप-डाउन करतो, त्याला सांगून उपयोग शून्य. मी अगदी परेशान झाले आणि नंदोईजींपुढे रडगाणं गायले. त्यांचे डोळेच चमकले. "सरळ आहे, वहिनी. ह्यातून त्यांना तुम्ही मिळता. हाकेला जाऊ नका. गप्प असतील तेव्हा आपणहून चहा घेऊन जा, गप्पा मारा. आधी हाका वाढतील, घाबरायचं नाही. मग आपोआप थांबतील."

अगदी तसंच झालं. हाका वाढल्या. मी कानाला हेडफोन लावून शिकवत राहिले आणि भिंतीपलीकडून येत राहिलं, सूनबाई, अगं सूनबाई. लिहितानाही लाज वाटते. मग हाका थांबल्या. नंदोईजी गरम कचोऱ्या घेऊन आले, "बघा, म्हटलं नव्हतं?" म्हणून मला टाळी दिली. बाबांनी कचोरी हातानंच नको म्हणून परतवली. त्यांच्या वाट्याचीही आम्ही दोघांनी खाल्ली.

त्यानंतर लवकरच एका सकाळी बाबांना थंडी वाजून ताप भरला. पोट टम्म फुगलेलं, बोलण्यात ताळमेळ नाही. नंदोईजींनी आणि मी त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. लघवी तुंबली होती. नळी घालावी लागली. डॉक्टर आमच्याकडे बघून म्हणाले, "इतने दिनों से तकलीफ़ है, घर में किसी ने पूछा नहीं?" संध्याकाळी बाबा जरा सावध झाले, तेव्हा जावयाला हळूच म्हणाले, "तेच सांगायला बोलवत होतो हो, जावईबापू. पण सूनबाई समोर आली की जीभ रेटायची नाही. सुनेला असलं कसं सांगायचं? मनाचा हिय्या करून पुन्हा बोलवायचो. मग ती येईनाशी झाली. म्हटलं, कामात असेल पोर."

नंदोईजी बाहेर येऊन बाकावर बसले. चष्मा पुसत म्हणाले, "सेंटरमध्ये मूल आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, वहिनी. कुठे दुखत-खुपत तर नाही ना? डॉक्टरांना दाखवलंत का? त्याशिवाय मी पुढे जातच नाही. आणि इथे घरचा माणूस, तर विचारलंच नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सल्ला त्यांचा असेल, पण हेडफोन तर मीच लावला होता ना!

आता बाबा घरी आहेत, बरे आहेत. नंदोईजी रोज सकाळी येतात, त्यांना आंघोळ घालतात, सेंटरची वेळ होईपर्यंत बसतात, आणि सुट्टीच्या दिवशी तर दिवसभर. बोलणं त्यांचं फार कमी झालंय. कारण बाबा हाक मारत नाहीत. घसा कोरडा पडला तरी कोणी येईपर्यंत वाट बघतात. "बाबा, काही लागलं तर हाक मारा," नंदोईजी अजिजीनं सांगतात, "काही नको असलं तरी मारा." बाबा हो हो म्हणतात आणि मारत नाहीत. सवय कशी मोडायची ते नंदोईजींना पक्कं ठाऊक होतं. मोडलेली कशी परत आणायची ते सांगताना मात्र मी त्यांना अजून ऐकलेलं नाही.

परवा रविवारी दुपारी मी भात लावत होते, नंदोईजी बाहेर पेपर घेऊन बसले होते. इतक्यात आतून आवाज आला, इतका बारीक की आधी मला भासच वाटला. "सूनबाई..." मी हातातली झाकणी टाकून धावले, नंदोईजी पेपर टाकून, आणि दारात आमची टक्करच झाली. बाबांची उशी सरकली होती, मान अवघडली होती. आम्हा दोघांना असं धापा टाकत आलेलं बघून ते बिचारे ओशाळले.

"काम असेल तर राहू दे गं," म्हणाले, "तशी काही घाई नाही."

नंदोईजींनी उशी नीट केली. मग पलंगाच्या कडेवर टेकले आणि बाबांचा हात हातात घेतला. "काहीच काम नाही, बाबा," ते म्हणाले. "आम्हाला दोघांनाही काहीच काम नाही."