शिकेकाई आणि पिवळा जाळ
शिकेकाईचा वास आला की मला सुप्याजवळचं ते माळरान आठवतं. थंडीचे दिवस होते आणि मित्राकडून आणलेल्या, गाडीमागं जोडायच्या फिरत्या घरात मी, वडील आणि आत्या असे तिघं मुक्कामाला होतो. सकाळी आत्या आत डोकं धुवायला बसली आणि गॅस गिझर सारखा विझायला लागला. त्याचं पेटवायचं झाकण बाहेरच्या बाजूला होतं, पण जाळाला हवा आतलीच मिळायची. मी सेल बदलले, पाण्याची जाळी साफ केली. पेटवला की दोन मिनिटांत आतून हाक यायची, "आरं, पाणी गार झालं." मी गिझरला शिव्या घालत पुन्हा पेटवायचो. चौथ्यांदा विझला तेव्हा हाक आलीच नाही. तरी मी पेटवला. वडिलांची सगळी नोकरी कारखान्याच्या बॉयलरवर गेलेली, ते वाकून बघत म्हणाले, "जाळ पिवळा पडलाय. ह्याला हवा मिळंना. बंद कर, दार उघड." मी अडखळलो, "आत्या न्हातीय." त्यांनी मला बाजूला ढकललं आणि कडीसकट दार ओढलं. आत्या ओल्या लुगड्यात भिंतीला टेकून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले. हवेच्या दोन्ही झरोक्यांत तिनं चिंध्यांचे बोळे कोंबले होते. मी तिला उचलून बाहेर आणल्यावर बऱ्याच वेळानं ती पुटपुटली, "ओल्या डोक्याला वारं लागू न्हाय म्हणून." पुढं दुरुस्तीवाल्यानं गिझर तपासून सांगितलं की यात बिघाड काहीच नाही, हवा कमी पडली की विषारी वायू साठू नये म्हणून हा आपोआप विझतो. म्हणजे तो तिला वाचवत होता आणि दर वेळी मीच पुन्हा पेटवत होतो. आत्या अजून सगळ्यांना सांगते, भाच्यानं जीव वाचवला.